चिंचेनं घासलेले ढब्बू

तांब्या-पितळेचं भांडं काळं राहिलेलं आईला खपायचं नाही. खायची चिंच वेगळी आणि भांड्यांची वेगळी, अशा दोन बरण्या आमच्या घरात होत्या, आणि भांड्यांची बरणी कधी रिकामी राहिलेली मला आठवत नाही. जुनी, काळी पडलेली चिंच भिजवून ती तिचा कोळ काढायची, त्यात जाडं मीठ आणि चुलीतली राख घालायची आणि न्हाणीजवळच्या दगडावर बसून घंगाळ, तांबे, पळी, समया, जे हाताला लागेल ते घासत सुटायची. काथ्याचा तो खरखर आवाज भिंतीपलीकडं काकूला ऐकू जायचा. काकू तिकडूनच विचारायची, “आक्का, कोण यायलंय ओ आज?” कुणी आलं नाही तरी आई घासायचीच. तिच्या बोटांच्या टोकांना चिंचेचा तपकिरी रंग कायमचा चढलेला होता, आणि तिनं जवळ घेतलं की आंबट वास यायचा. आजही कुठं चिंच भिजत घातलेली असली की मी उगाच मागं वळून बघते.

नारायणकाकांचा नातू आता परभणीत मोबाइलचं दुकान चालवतो आणि त्याला जुनी नाणी जमवायचा नाद लागलाय. मागच्या महिन्यात तो एक हिरवट ढब्बू घेऊन आला आणि म्हणाला, “आत्या, लिंबू आन् खाण्याचा सोडा दे, लख्ख करतो, व्हिडिओत दाखवलंय.” मी ते नाणं त्याच्या हातातून काढून घेतलं आणि त्याला इतकी रागावले की तो बिचारा चहा न पिताच उठला. त्याला काय माहीत. त्याला ही गोष्ट कुणी सांगितलेलीच नाही. त्याच्या आजोबानं सांगितली नाही, माझ्या वडलांनी, आण्णांनी सांगितली नाही, आणि मीही इतकी वर्षं गप्प बसले. आता सांगायला कुणाची हरकत उरलेली नाही, म्हणून लिहून टाकते.

आमचं गाव वालूरच्या अलीकडं, रस्त्यापासून आत. माळवदाचं एकच घर, त्याचे दोन भाग केलेले. एका भागात आम्ही, दुसऱ्यात नारायणकाका आणि काकू. मधली भिंत घरात पुरती होती, पण अंगणात कमरेएवढीच, कारण ती बांधताना माती कमी पडली आणि पुन्हा कुणाला वेळ झाला नाही. काकाचा रेडिओ आमच्या स्वयंपाकघरात स्पष्ट ऐकू यायचा, त्यामुळे आण्णांनी कधी रेडिओ घेतला नाही. सकाळच्या बातम्या, बाजारभाव, शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम, सगळं आम्ही भिंतीतून ऐकायचो. काकूनं काही तळलं की वास आधी आमच्याकडं यायचा आणि मागून वाटी यायची. आण्णा गावातल्या शाळेत मास्तर. काका शेत बघायचा. काका आण्णांपेक्षा बराच लहान, आण्णांनीच त्याला खांद्यावर घेऊन वाढवलेला, असं आई सांगायची. ती हे कौतुकानं सांगायची की वैतागून, ते मला त्या वयात कळत नव्हतं.

त्या वर्षी आण्णांच्या डोक्यात पायखाना बांधायचं आलं. गावात तेव्हा एकाच्याही घरी नव्हता. पोरगी मोठी व्हायली, तिनं अंधारात तांब्या घेऊन किती लांब जायचं, असं त्यांचं म्हणणं. ती पोरगी म्हणजे मी, आणि या कारणासाठी गावभर माझं नाव घेतलं जातंय म्हणून मी शरमेनं अर्धी झाले होते. आईला तर हा विचारच घाण वाटायचा. जिथं स्वयंपाक, जिथं देव, त्याच अंगणात हे कसलं मांडायलाव, म्हणून ती कुरकुरत राहिली. आण्णांनी मजूर लावला नाही. शाळा सुटली की धोतर खोचायचं, सब्बल घ्यायची आणि परसातल्या कोपऱ्यात खणायचं. वरचा काळा थर मऊ होता, खाली मुरूम लागला आणि काम अडायला लागलं.

महालक्ष्म्या दोन दिवसांवर आल्या होत्या. घरात फुलोऱ्याचं तळण चाललेलं, करंज्या, सांजोऱ्या, वेणी-फणी. काकू आमच्याकडंच होती, कारण महालक्ष्म्या थोरल्याच्या घरी बसायच्या आणि दोघी मिळून सगळं करायच्या. मी आण्णांजवळ उभी होते. मुरूम फारच घट्ट आहे, पाणी ओतून बघू, म्हणून त्यांनी मला आडावर पाठवलं. आडावर त्या दिवशी बायकांची गर्दी होती, मला थांबावं लागलं. कळशी घेऊन परत आले तर आण्णा खड्ड्याच्या काठावर बसलेले, समोर टॉवेल पसरलेला, त्यावर एक तोंड फुटलेलं मातीचं गाडगं आणि नाणी. मी कळशी खाली ठेवली. एवढंच मी पाहिलं. गाडगं निघताना, त्याचं तोंड फुटताना, आतला पहिला घास बाहेर येताना मी तिथं नव्हते, आणि या एका गोष्टीनं पुढं माझं डोकं पोखरून काढलं.

नाणी ढब्बू होती, निजामाच्या राज्यातली, जाडजूड, कडा वेड्यावाकड्या, वर फारसी अक्षरं अर्धीमुर्धी उमटलेली. आण्णांनी माझ्या हातात दिली तेव्हा त्यांचा जडपणा मला आवडला. काही सुपारीच्या रंगाची होती. काहींवर मोरचुदासारखा हिरवा कळंक खपली धरून बसला होता. गाडग्यातली वरची नाणी सुटी निघाली होती, खालची एकमेकांना चिकटून ढेकूळ झालेली. ढेकळातलं एक आण्णांनी हळूच सोडवलं तर त्याच्या अंगावर काळ्या रंगात चंद्रकोर दिसली. मी बोटानं पुसायला गेले, ती पुसली गेली नाही. आण्णा म्हणाले, राहू दे, मुरलेलं दिसायलंय.

संध्याकाळी काका भिंत ओलांडून आला. तो टॉवेलाशेजारी बसला, एकेक नाणं उचलून पालथं करून बघितलं, एक-दोन दातानं चावून बघितली. मग आण्णांकडं न बघता विचारलं, “एवढंच?”

“एवढंच,” आण्णा म्हणाले.

काका आणखी थोडा वेळ बसला, चहा प्यायला आणि गेला.

जमिनीत सापडलेलं धन सरकारला कळवावं लागतं हे आण्णांना माहीत होतं. ते दुसऱ्या दिवशी सकाळीच तालुक्याला जाणार होते. आईनं अडवलं. आई आयुष्यात फार कमी मागायची, म्हणून तिनं मागितलं की आण्णांना नाही म्हणता यायचं नाही. तिचं म्हणणं असं की लक्ष्म्या घरी यायच्या टायमाला जमिनीतून लक्ष्मी निघाली, तिला तशीच दारातून बाहेर कशी काढायची. तीन दिवस तिला बसू द्या, पूजा होऊ द्या, विसर्जन झालं की न्या कुठं न्यायची तिकडं. आण्णा हो म्हणाले. त्या होकारात किती काय दडलेलं होतं ते आमच्यापैकी कुणालाच दिसलं नाही.

आणि मग आईनं ते केलं जे तिच्या जागी आमच्या भागातल्या कुठल्याही बाईनं केलं असतं. देवासमोर काळं तांबं ठेवतात होय? तिनं सुटी नाणी तेवढी वेचून घेतली, ढेकळाला हात लावला नाही, आणि न्हाणीच्या दगडावर बसून चिंच, मीठ, राख लावून एकेक नाणं दोन्ही बाजूंनी घासलं. काथ्याचा खरखर आवाज दुपारभर चालला होता. सुकवून तिनं ती मला दाखवली. लाल, तांबूस, कोवळी. आदल्या दिवशीची तीच नाणी म्हणून कुणाला खरं वाटलं नसतं. मला ती फार सुंदर वाटली होती, हेही सांगून टाकते.

महालक्ष्म्यांच्या पूजेला पुरणपोळी, आंबील, सोळा भाज्या, कढी, भजी. दोन्ही लक्ष्म्या नव्या साड्या नेसून उभ्या, पुढं धान्याच्या राशी आणि राशींवर ती नाणी. संध्याकाळी गावातल्या बायका हळदीकुंकवाला आल्या. समयांच्या उजेडात त्या ढब्बूंनी असा पिवळा-लाल रंग धरला की पहिली बाई बसता बसता थबकली. कुणीतरी हळूच विचारलं, सोन्याचे का? आई हसली आणि म्हणाली, लक्ष्मी हाय माय. सणाच्या दिवशी लक्ष्मीला तांबं म्हणायचं तिच्या जिवावर आलं. कुठं सापडली म्हणून विचारल्यावर तिनं सांगितलं, तुळशीवृंदावनाचा पाया खणताना. पायखान्याच्या खड्ड्यातून लक्ष्मी निघाली हे ती चार बायकांत कुठल्या तोंडानं सांगणार होती? बायका कुंकू लावून, ओटी घेऊन घरोघर गेल्या. विसर्जन होईपर्यंत वालूरच्या बाजारात मास्तराला सोन्याचं गाडगं सापडल्याची बातमी पोचली होती.

आण्णा तालुक्याहून परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. बातमी त्यांच्या आधीच कचेरीत पोचली होती. इतके दिवस का थांबलात, हा एकच प्रश्न त्यांना चार जणांनी विचारला होता. पाठोपाठ तलाठी आणि जमादार आले. पंचनामा झाला, नाणी पिशवीत घालून लाखेनं बंद केली. आण्णांनी सांगितलं, पायखान्याच्या खड्ड्यात सापडली. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी सांगितलं, तुळशीजवळ. जमादारानं दोन्ही ऐकून घेतलं आणि ओठ दाबून हसला. आण्णांनी सांगितलं, गाडगं माझ्याच हातात होतं, त्यातलं एकही नाणं मी कुणाला दिलेलं नाही. मग जमादारानं मला बोलावलं. गाडगं निघालं तेव्हा तू होतीस? मी म्हणाले, पाण्याला गेले होते. खरं तेच सांगितलं, पण ते शब्द तोंडातून निघताना आण्णांच्या अंगावर काही तरी फेकल्यासारखं मला वाटलं. शेवटी काकाला विचारलं. सगळे काकाकडं बघत होते. सख्खा भाऊ, भिंतीला भिंत. काका अंगणातल्या त्या अर्ध्या भिंतीला टेकून उभा होता.

“मपल्यासमोर फोडलं न्हाई,” तो म्हणाला. “मी कसं सांगू?”

त्यानं खोटं सांगितलं नाही. पण आण्णांनी त्या क्षणी मान खाली घातली ती बराच वेळ वर केली नाही. संध्याकाळी काकूकडून वाटी आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओ लागला नाही. भिंतीपलीकडून फक्त खोकल्याचा आणि भांड्यांचा आवाज यायचा, आणि बोलणं सुरू झालं की ते लगेच दबक्या आवाजात जायचं. आपलंच घर असून आम्ही दोन्हीकडं पाहुण्यांसारखे पाय न वाजवता चालायला लागलो. काका पारावर म्हणतो म्हणे, जमीन वडलांची, आमाला तांबं दाखवलं आन् सोनं मागं ठिवलं. हे आईला आडावर कळलं. ती घागर अर्धीच भरून परत आली आणि चुलीपुढं बसून रडली.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. पिशवी तालुक्याला बंद पडून होती आणि औरंगाबादहून कुणी जाणकार साहेब येऊन बघेपर्यंत काही ठरणार नव्हतं. सोनं लपवल्याचं ठरलं तर आण्णांची नोकरी जाणार, कदाचित तुरुंग होणार, हे घरात कुणी बोललं नाही तरी सगळ्यांना ठाऊक होतं. अनोळखी माणसं येऊन परसातला खड्डा बघून जायची. एक दिवस आम्ही शाळेतून आलो तर कुणी तरी तो आणखी खोल खणून ठेवला होता. वर्गात पोरी मला विचारायच्या, तुझ्या गळ्यातलं सोन्याचं कधी करणार? आण्णांनी शिकवणं सोडलं नाही, पण त्यांची भाकरी अर्ध्यावर आली. गाडीचा आवाज आला की आई हातातलं टाकून दाराशी जायची. मीही तिच्या मागं जाऊन उभी राहायचे. मुलीचा फोन वेळेवर आला नाही की अजूनही मी तशीच दाराशी जाऊन उभी राहते.

पण मला नोकरीची आणि तुरुंगाची जेवढी भीती वाटत होती त्याहून जास्त एका गोष्टीची वाटत होती, आणि ती मी कुणाला सांगू शकत नव्हते. मी पाण्याला गेले तेव्हा आण्णांनी खरंच काही काढून ठेवलं नसेल ना? सगळं गाव म्हणतंय, काका म्हणतोय. काका त्यांना माझ्यापेक्षा जास्त ओळखतो. मी आण्णांचा चेहरा बघत बसायचे. ते दाढी करताना, वह्या तपासताना, झोपलेले असताना. कणगीतल्या ज्वारीत मी कोपरापर्यंत हात घालून चाचपलं. काही लागलं नाही, त्यानं समाधान झालं नाही, उलट वाटलं की आणखी कुठं असेल. एका दुपारी ते शेंगा फोडत बसले होते. मी धीर करून विचारलं, “आण्णा, मी पाण्याला गेले तवा काय काय निघालं?”

त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली आणि माझ्याकडं नीट बघितलं. “तू येऊन बघितलंस तेवढंच,” ते म्हणाले. आवाज नेहमीचाच. मग पुन्हा शेंगा फोडायला लागले, आणि दाणे माझ्या हातावर ठेवत राहिले. मी ते न खाता मुठीत धरून ठेवले. खोटं बोलणारा माणूसही असंच म्हणेल, असं माझ्या मनात आलं आणि माझी मलाच भीती वाटली.

साहेब आले ते एका सकाळी, जमादार आणि तलाठ्याबरोबर जीपमधून. किडकिडीत माणूस, पांढरा बुशशर्ट, खिशात भिंग. त्यांनी आधी खड्डा बघितला, मग गाडग्याचे तुकडे मागून घेतले आणि जुळवून बघितले. आईनं धुतलेली चादर ओसरीवर अंथरली. पंचांसमोर पिशवीची लाख फोडली. गाव अंगणात जमलं होतं. काका भिंतीच्या पलीकडं उभा होता, काकू त्याच्या मागं.

साहेबांना नाणी कुणाची, कोणत्या टाकसाळीची, याची घाई नव्हती. त्यांनी आधी ढेकूळ सोडवलं, पाण्याचे थेंब टाकत, लाकडी काडीनं. सुटलेलं प्रत्येक नाणं ते भिंगाखाली धरायचे, दोन्ही बाजूंनी, आणि चादरीवर मांडायचे. मला चंद्रकोर वाटली होती ती चंद्रकोर नव्हती. नाण्यावर नाणं तिरपं पडून वर्षानुवर्षं राहिलं की झाकलेला भाग एका रंगाचा होतो आणि उघडा भाग दुसऱ्या, त्याची ती खूण. खालच्या नाण्यावरची कोर आणि वरच्या नाण्याची कड त्यांनी एकमेकांवर ठेवून दाखवली, ती बरोबर बसली. अशी त्यांनी एकावर एक चळत रचत नेली. त्यांचं म्हणणं असं की हे गाडगं एकदाच भरलं गेलं आणि मधून कुणीही काही काढलेलं नाही. सोन्याला कळंक चढत नाही. तांब्यावर सोनं पडलेलं असतं तर त्या जागी वेगळीच लहान, गोल खूण राहिली असती. तशी एकही नाही. अंगणात कुजबुज झाली. आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती, तिच्या हाताची पकड सैल झालेली मी बघितली.

मग साहेबांनी सुटी नाणी उचलली आणि थांबले. एक भिंगाखाली धरलं, ठेवलं. दुसरं धरलं, ठेवलं. त्यांनी विचारलं, ही कुणी घासली? शेवटी आईच पुढं आली.

“म्या घासली,” ती म्हणाली. “लक्ष्म्यांपुढं काळं कसं ठिवू?”

साहेब रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हळू आवाजात समजावलं की गाडग्याच्या तोंडाशी, सगळ्यात वर, कापडाची चिंधी दाबून घालायची पद्धत असते. चिंधी कुजून जाते, पण तिच्या खालच्या तांब्यावर कळंकात तिचा विणलेला पोत उमटून राहतो. तो पोत वरच्या नाण्यांवर दिसला असता तर चिंधी थेट तांब्यावरच बसली होती, मधे दुसरं काही नव्हतं, हे सांगता आलं असतं. आता या नाण्यांच्या अंगावर काहीच उरलेलं नाही. “खालचं सगळं मी सांगू शकतो,” ते म्हणाले. “वरचं नाही सांगता येत.”

आईला किती समजलं मला माहीत नाही. पण आपल्या हातानं काही तरी पुसलं गेलंय एवढं तिला कळलं. तिनं आपल्या त्या तपकिरी बोटांकडं बघितलं आणि हात पदराखाली घेतले. माझी सगळी आशा त्या वरच्या थरावर होती, कारण मी पाण्याला गेले तेव्हा जे निघालं असेल ते वरचंच. म्हणजे मला कधीच कळणार नव्हतं. आण्णा ओसरीच्या कडेला बसले होते. जमादार त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिला, आणि गाव ज्याची वाट बघत होतं ते आता होणार असं सगळ्यांना वाटलं.

त्या वेळी भिंतीपलीकडं काकूचा आवाज आला. ती काकाला काही तरी म्हणाली, हळू, पण सोडत नव्हती. काका मान हलवत होता. मग काकूनं त्याच्या पाठीला हात लावला, ढकलल्यासारखा. काका भिंत ओलांडून आला. त्याचा पाय अडखळला. आमच्या अंगणात तो कितीतरी दिवसांनी येत होता. त्यानं सदऱ्याच्या आतल्या खिशातून दस्ती काढली, तिची गाठ त्याला सुटेना, दातानं सोडवली, आणि आतला ढब्बू साहेबांच्या पुढं चादरीवर ठेवला.

न घासलेला. हिरवा, खपल्या धरलेला. साहेबांनी तो भिंगाखाली धरला आणि कितीतरी वेळ फिरवून फिरवून बघितला. मग त्यांनी मलाच जवळ बोलावलं आणि भिंग माझ्या डोळ्यापुढं धरलं. हिरव्या रंगात बारीक बारीक चौकटी होत्या, उभ्या-आडव्या, धोतराचं जुनं कापड उन्हाकडं धरलं की दिसतात तशा, नाण्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, कुठंही तुटलेल्या नाहीत. पालथं केल्यावर खालच्या बाजूची कोर चळतीतल्या सगळ्यात वरच्या नाण्यावर बरोबर बसली. गाडग्याचं तोंड एवढंसं. शेजारी आणखी काही ठेवलेलं असतं तर चिंधी उचलली गेली असती आणि पोत असा सपाट उमटला नसता. साहेब तलाठ्याला म्हणाले, लिहा, गाडग्यात तांब्याशिवाय काही नव्हतं.

पण जमादाराचं लक्ष तिकडं नव्हतंच. त्यानं काकाला विचारलं, हे तुझ्याकडं कसं आलं? पहिल्याच संध्याकाळी त्यानं ते उचललं होतं, मानवतला सराफाला दाखवायला, आतून सोनं आहे का बघायला. सराफानं तांबं म्हणून परत दिलं. पण तोवर नाण्यांना लाख लागली होती, आणि आता ते परत ठेवायचं म्हणजे आपण चोर ठरायचं, या भीतीनं ते खिशातच राहिलं. हे काकूनं आईला पुष्कळ दिवसांनी सांगितलं. त्या वेळी मात्र काका नुसता उभा होता, दस्ती हातात चुरगळत, आणि सगळं गाव त्याच्याकडं बघत होतं.

“मीच दिलता त्याला,” आण्णा म्हणाले. “पहिल्याच दिशी. त्यानं मागितला, मी दिला.”

जमादार वळला. तुम्ही तर सांगितलं होतं, एकही नाणं कुणाला दिलं नाही. पंचनाम्यात तसं आहे.

“इसरलो,” आण्णा म्हणाले.

साहेबांनी भिंग खिशात ठेवलं आणि म्हणाले, राहिलं असेल सांगायचं, लिहा तसं. जमादारानं खांदे उडवले. पण मी आण्णांकडंच बघत होते. त्यांचा आवाज वर्गात शिकवताना चढतो तसा चढला होता. कान लालबुंद झाले होते. ते जमादाराकडं बघत नव्हते, काकाकडंही नाही, पायाच्या अंगठ्याकडं बघत होते, आणि टॉवेलाचं टोक बोटाला गुंडाळून सोडत होते, पुन्हा गुंडाळत होते. आण्णा खोटं बोलताना कसे दिसतात ते मी जन्मात पहिल्यांदा बघत होते. आणि इतके दिवस, कुणीही विचारलं, मी विचारलं, तेव्हा ते एकदाही असे दिसले नव्हते.